एकतीस नंबरचा ड्रायर

बुधवार, २३ ऑक्टोबर. सकाळी ९३ व्होल्ट, दुपारी १२१.

अकरा वर्षं, सतरा पत्रं. आज सकाळी साडेनऊला आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर नवा ट्रान्सफॉर्मर चढला. मी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभा होतो. प्रत्येक पत्राला मी महिन्याभराच्या रीडिंगचा तक्ता जोडत असे. नुसतं 'वीज कमी येते' म्हणून कुणीही रडतं. 'संध्याकाळी सात वाजता ८८' असं लिहिलं की साहेबाला खुर्चीत सावरून बसावं लागतं.

वायरमन खाली उतरला तेव्हा म्हटलं, "शेवटी पत्रं पोचली म्हणायची."

"कसली पत्रं?" तो म्हणाला. "एकवीस नोव्हेंबरला मेरीमातेचा उत्सव ना तुमचा? रोषणाईला वीज पुरायची नाही, म्हणून बसवलाय."

खांबावर चढता आलं म्हणजे अक्कलही वर चढते असं नाही. मी त्याला तक्त्याची प्रत दाखवायला गेलो, तर गडी गाडीत बसून पसार.

मीटर भिंतीतल्या सॉकेटला लावला. १२१. बायकोला, एर्सिलियाला, बोलावून आकडा दाखवला. तिनं शिलाई मशीन चालवून पाहिलं. "पळतंय की हे," म्हणाली आणि पाय काढून घेतला. एवढंच. अकरा वर्षांचं श्रेय एवढंच.

शनिवार, २६ ऑक्टोबर. १२०.



दुपारी नूरिस दुकानात आली. कोपऱ्यावरचं सलॉन तिचं. शनिवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि अशा वेळी ती एप्रनसकट रस्ता ओलांडून आली. मागे दिग्नाबाई, शाळेतल्या शिक्षिका, डोक्याला टॉवेल गुंडाळून. आमच्या मुलीच्या, यानिरिसच्या, बाप्तिस्म्याला नूरिस तिची धर्ममाता झाली. तेव्हापासून चोवीस वर्षं ती मला 'कोंपाद्रे' म्हणते, मी तिला 'कोमाद्रे'. आमच्याकडे हे नातं रक्तापेक्षा जड. आज तिनं तोंड उघडलं ते असं:

"मिस्त्री, हे काय आहे?"

माझ्या टेबलावर तिनं केसांची वीतभर बट ठेवली. टोकाला करपट वास.

"केस," मी म्हटलं.

"कुणाचे ते विचारा."

"माझे," दिग्नाबाई मागून म्हणाल्या. "चौकशी केल्याबद्दल आभार."

नूरिसनं पिशवीतून ड्रायर काढला. एकतीस नंबर. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक ड्रायरच्या पोटात मी नंबर कोरतो. "तुमच्या हातचा आहे हा. ब्रशाबरोबर बट हातात आली माझ्या."

"ड्रायर केस जाळत नाही. हात जाळतो. नळी केसाला टेकवून धरली असणार."

"सव्वीस वर्षं मी हेच करतेय."

"सव्वीस वर्षं चुकीचंही करता येतं."

हे वाक्य मला आत्ताही चांगलं वाटतं. तिला नाही वाटलं. तिनं ड्रायर उचलला, बाहेर गेली आणि रस्त्याच्या मधोमध ठेवला. वायर आधी नीट गुंडाळली, हे मात्र खरं. तोवर सलॉनच्या दारात रोलर लावलेली सहा-सात डोकी जमली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं की माझ्या बायकोचे केस यापुढे घरी होतील, आणि या वस्तीत कुठल्या सलॉननं केले नसतील असे होतील.

"लग्नाचेसुद्धा?" नूरिसनं विचारलं.

"लग्नाचेसुद्धा."

रविवार, २७ ऑक्टोबर. १२१.

एर्सिलिया कालपासून तीन वाक्यं बोलली. तिसरं हे: "माझं लग्न तू रस्त्यावर ठेवून आलास."

मी आणि ती सत्तावीस वर्षं एका छपराखाली आहोत, पण पाद्र्यासमोर उभं राहायचं राहूनच गेलं. आधी घर बांधायचं होतं, मग यानिरिस झाली, मग आज-उद्या. आता तेवीस नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी पाचला, चर्चमध्ये विधी आहे. धर्ममाता म्हणून एर्सिलियाच्या शेजारी नूरिस उभी राहायची होती. पोशाख एर्सिलिया स्वतः शिवतेय, सायीच्या रंगाचा. केस अर्थात नूरिस करणार होती. गेली वीस वर्षं दर शनिवारी तीच करते.

तर केस. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं मला तारेनं शिकवलं. रेडिओ, पंखे, इस्त्र्या, पाण्याचे पंप, मग ड्रायर. ज्या माणसाला मोटर गुंडाळता येते त्याला केस गुंडाळता येणार नाहीत, हे मी मानत नाही.

पण आधी एकतीस नंबर. तो मी रस्त्यावरून उचलून आणला आणि टेबलामागच्या भिंतीवरच्या बोर्डला लावला. हा बोर्ड मी स्वतः बनवलेला, ९३ वर पक्का: तारेतून कितीही येवो, हा ९३च देतो. खोक्यावर ११० छापलेलं असतं, पण बाई ड्रायर खोक्यात खुपसत नाही, भिंतीत खुपसते. जी वीज घरात, तीच टेबलावर, हा माझा नियम. बाकीचे मिस्त्री कागदावरच्या विजेवर तपासतात आणि मग घरी चालत नाही म्हणून बोलणी खातात.

एकतीस नंबर वीस मिनिटं चालवला. हातावर धरला, कागदावर धरला, केळीच्या पानावर धरला. चांगली, घट्ट उष्णता. पान मऊ झालं, करपलं नाही. दोष शून्य.

म्हणजे हात.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. १२०.

लग्नाला एकतीस नंबरच वापरायचा, हे ठरवलं. सगळ्यांना दिसू दे.

आज साहित्य जमवलं. ब्रश तीन. व्हर्निअरनं मोजले: ५३, ४३ आणि ३२ मिलिमीटर. दुकानदारीण म्हणाली, मोठा, मधला, लहान. मी म्हटलं बाई, मोठा म्हणजे किती? ती म्हणाली, मधल्यापेक्षा मोठा. अशा लोकांच्या हातात वस्तीची डोकी आहेत.

एर्सिलियाच्या डोक्याचा नकाशा काढला. चौदा भाग, मानेपासून सुरुवात, कपाळाशी शेवट. तिचे केस दाट, घट्ट कुरळे, ओढले तर कमरेच्या वर चार बोटं.

इथं एकदा माझं माप लिहून ठेवतो. उद्या मी नसलो तर कुणाला तरी कळावं. बाजारातला ड्रायर आमच्या वस्तीत कोमट फुंकर मारायचा. केस वरून कोरडे, मुळाशी ओले, आणि बाई दारापर्यंत पोचेतो पुन्हा कुरळे. मी कॉइलची तार पाचात दोन भाग कमी करतो. तार आखूड, उष्णता जास्त. मग फार तापलं की वीज तोडणारा आतला कटआउट सारखा पडतो, म्हणून त्याची पट्टी एका केसाइतकी वाकवतो. बस्स. वस्तीच्या कमजोर विजेवरही ड्रायर सलॉनसारखा तापतो. हे कुठल्या कारखान्यातल्या इंजिनिअरला सुचलं नाही. आजवर असे त्रेचाळीस ड्रायर दिलेत. या वस्तीत बाईचे केस रविवारपर्यंत सरळ राहतात ते माझ्यामुळे, नूरिसमुळे नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. १२१.

पहिला प्रयोग. एर्सिलियाला दुकानात टेबलापाशी स्टुलावर बसवलं, ड्रायर बोर्डला लावला. एका बाजूला उघडलेला पंखा, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पंप.

"इथं बसून नवरी होतात?" ती म्हणाली.

"इथं वीज मोजलेली आहे."

दोन तास दहा मिनिटं लागली. निकाल सांगायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला नाही. उजवी बाजू सरळ, डावी बाजू झाडू. सहाव्या भागात ब्रश अडकला तो निघेना. मी पकड आणायला उठलो तर तिनं माझा हात धरला.

"पकड माझ्या डोक्याजवळ आणलीस तर मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर तीन घरं सोडून आहे."

"म्हणूनच. चालत जाईन."

ब्रश तिनंच सोडवला. चूक कळली: मी केस फार ओले घेतले. आधी रोलर, टोपीच्या ड्रायरखाली तासभर, मग ब्रश. टोपीचा ड्रायर माझ्याकडं भंगारात एक आहे.

सोमवार, ४ नोव्हेंबर. १२२.

सगळ्या बायका एक झाल्यात. आज दोन ड्रायर परत आले, सतरा नंबर आणि अडतीस नंबर. "फार तापतो," म्हणे. दोन्ही बोर्डवर लावून त्यांच्यासमोर चालवले. उत्तम. अडतीसवाली म्हणाली, "इथं बरा चालतो, घरी भूत शिरतं त्याच्यात." मी म्हटलं भूत ड्रायरमध्ये नाही, नूरिसच्या जिभेत आहे. ती हसली नाही.

त्यात एर्सिलिया. शिवायला आलेल्या शाळेच्या गणवेशाची कॉलर करपवली. "इस्त्री पूर्वीसारखी राहिली नाही रे. दोनवर ठेवली तरी चारसारखी धरते."

ती इस्त्रीही माझ्याच हातची आहे. मी म्हटलं, लक्ष नसलं की चार काय नि दोन काय. तिनं कॉलर उसवून दुसरी लावली. जोरात.

शनिवार, ९ नोव्हेंबर. १२०.

जमलं.

रोलर चोवीस, टोपीखाली पन्नास मिनिटं, मग बोर्डवर एकतीस नंबर. भाग दोन बोटांचे, त्याहून जाड नाही. ब्रश मुळाशी, ताण एकसारखा, नळी केसाच्या दिशेनं खाली, मागे ड्रायर, पुढं ब्रश, दोघांमध्ये दीड बोट अंतर. शेवटी थंड हवा, म्हणजे आकार बसतो. एक तास पस्तीस मिनिटं. केस असे सांडले की मी स्वतः दोन पावलं मागे झालो. मग ते डोक्याभोवती गोल गुंडाळून चापांनी पक्के केले. याला तूबी म्हणतात. रात्रभर तशीच ठेवली की सकाळी केस पाण्यासारखे. तूबीत मी एकोणीस चाप वापरले. नूरिस तेवीस वापरते.

"पाणी दे मला," एर्सिलिया म्हणाली. "थंड."

"फ्रीज तिथंच आहे."

"डोकं गरम असताना फ्रीज उघडू नये. थंडी भरते, तोंड वाकडं होतं."

इस्त्री केल्यावरही तिचं हेच. शंभरदा समजावलं की हे विज्ञानात बसत नाही. तिच्या आईनं सांगितलं, नूरिस सांगते, सगळी वस्ती सांगते, म्हणून खरं. मी फ्रीज उघडून पाणी दिलं. अडाणीपणाला पाणी पाजावं लागतं कधीकधी.

मला वाटलं होतं ती आरशात बघेल. ती म्हणाली, छान झालेत. मग म्हणाली, "तू एक शब्दही बोलत नाहीस रे केस करताना."

"मोजत असतो."

"हो ना." मग गणवेशाचं माप घ्यायला जाते म्हणून डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून गेली, भुरभुर पडत होती. या आठवड्यात चौथं माप. आली तेव्हा तिच्या अंगाला कॉफीचा आणि सलॉनमधल्या त्या नारळाच्या मलमाचा वास येत होता. ज्यांच्याकडं गेली होती त्यांच्याकडंही तेच मलम असणार.

बुधवार, १३ नोव्हेंबर. १२१.

जेवताना एर्सिलिया म्हणाली, "नूरिस उभी राहणार नाही म्हणते."

"दुसरी धर्ममाता मिळेल."

"मिळेल. दुसरा नवराही मिळेल."

मी चमचा खाली ठेवला. तिनं माझ्या ताटात आणखी केळी वाढली, म्हणजे चेष्टा असावी. चेहऱ्यावरून तसं वाटेना.

"लेओकादिओ, ऐक. नूरिस शेजारी नसेल तर मी त्या चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही. सत्तावीस वर्षं तशीच राहिले, आणखी सत्तावीस राहीन. तिला एकदा जाऊन भेट."

"चूक नसताना?"

"चूक नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"बोर्डनं."

ती उठून पोशाखाला काज करायला बसली. मी दुकानात जाऊन एकतीस नंबर पुन्हा अर्धा तास चालवला. दोष नाही. मी काय खोटी माफी मागू? केसांची गोष्ट आहे का ही? उद्या कुणीही येईल, जळकी बट टेबलावर ठेवील. शनिवारी रंगीत तालीम. तिचे केस वस्तीभर फिरू देत, मग बघू कोण कुणाकडं जातं.

शनिवार, १६ नोव्हेंबर. १२१.

तालीम घरात करू म्हणालो. लग्नाच्या दिवशी अंगणात पाहुणे असणार, बकरा शिजत असणार, दुकानात नवरीला कुठं बसवणार? शिवाय आतल्या खोलीत मोठा आरसा. तिला दिसावं, म्हणून.

रोलर काढले. एकतीस नंबर आरशाशेजारच्या भिंतीत लावला. आवाज जास्त भरदार वाटला. मला बरंच वाटलं. पहिले पाच भाग घाईनं झाले. एर्सिलिया म्हणाली, "आज तापतोय जास्त."

"हल्ली तूही तेच म्हणायला लागलीस."

सहावा भाग, उजव्या कानामागचा. दीड बोट अंतर. ताण एकसारखा. बारीक चर्र असा आवाज आला, कांदा तव्यात पडतो तसा. ब्रश खाली आला तो हलका आला. त्याच्याबरोबर हातभर केस आले.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही बोलता आलं असतं. तिनं आरशात बघितलं, स्वतःकडं नाही, माझ्याकडं.

"फ्रीज उघड," म्हणाली. "बर्फ आण. कान भाजलाय."

बर्फ आणला. तिनं तो रुमालात धरून कानाला लावला. उरलेले चाप एकेक काढून डबीत ठेवले, डबीला झाकण लावलं, डोक्याला ओढणी बांधली. दारातून म्हणाली, "नूरिसकडं जातेय. माप घ्यायला नाही."

रविवार, १७ नोव्हेंबर. १२१.

काही नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर. १२१.

भिंतीत १२१. बोर्डवर ९३. दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बघत बसलो.

तार मी आखूड केली ती ९३ साठी. त्याच तारेला १२१ दिले तर उष्णता १.६९ पट. कटआउट पडायला हवा. त्याची पट्टी मीच वाकवलेली. हा हिशोब मला कुणी शिकवला नव्हता, माझा मीच शिकलो होतो, आणि माझा मीच केला नाही. सव्वीस दिवस. रोज सकाळी मीटर भिंतीत लावून, आकडा वहीच्या डोक्यावर लिहून, खाली रेघ मारून. इस्त्री. सतरा नंबर. अडतीस नंबर. घरी शिरणारं भूत. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

आणि ती वीज मी आणली. सतरा पत्रं लिहून. वायरमन म्हणत होता तेच खरं असतं तर बरं झालं असतं.

बोर्ड भिंतीवरून उपटला. स्क्रू न काढता. प्लास्टरसकट आला.

बुधवार, २० नोव्हेंबर. १२०.

दोन दिवसांत अठ्ठावीस ड्रायर गोळा केले. घरोघरी जाऊन सांगितलं, नव्या विजेसाठी जुळवणी करून देतो. नवी तार, पूर्ण लांबी. कटआउटची पट्टी सरळ. प्रत्येक ड्रायर भिंतीतल्या विजेवर तपासून परत. इस्त्र्या नऊ. बाकीचे ड्रायर उत्सवानंतर. लोक कौतुक करत होते: मिस्त्री स्वतःहून दारात. एका म्हातारीनं कॉफी दिली. ती अर्धी ठेवून मी निघालो.

एकतीस नंबरही केला. आतली धूळसुद्धा ब्रशानं काढली. कॉइलच्या कडेला एक केस जळून चिकटला होता. काळा, लांब. दिग्नाबाईंचा की एर्सिलियाचा, सांगता येईना.

गुरुवार, २१ नोव्हेंबर. सकाळी १२१. रोषणाई लागल्यावर ११९.

उत्सव. एर्सिलिया मिरवणुकीला ओढणी बांधून आली. लोक विचारत होते, तूबी का? ती म्हणायची, हो, शनिवारसाठी.

घरी आल्यावर म्हटलं, "एकतीस नंबर झालाय. तू जाताना नूरिसला देऊन ये."

"मी कशाला?"

"दुरुस्त झालाय. आता तक्रारीला जागा नाही."

"तिला काय सांगू?"

"दुरुस्त झाला म्हणून सांग."

"काय बिघडलं होतं म्हणून सांगू?"

मी मीटर पिशवीत भरत होतो. वायर गुंडाळली. परत उलगडून गुंडाळली.

"लेओकादिओ, सगळ्या वस्तीचे ड्रायर तू दोन दिवसांत नीट केलेस. एक वाक्य तेवढं तुला जड जातंय. ती शनिवारी सकाळपासून सलॉनमध्ये आहे. मीही तिथंच असेन, ओढणी काढून. पाच वाजता मी कुठं असेन ते तुझं तू बघ."

तिच्या पोशाखाला शेवटचं बटण लावून झालं होतं. तो तिनं खुंटीला टांगला, आणि त्यावर जुनी चादर टाकली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. १२१.

मला तीन गोष्टींचा राग येतो. एक, चूक माझी आहे याचा. दोन, नूरिसला ती पहिल्या दिवशी कळली, मीटर नसताना. तीन, दिग्नाबाई तिथं असणार याचा.

वाक्य लिहून पाहिलं. पहिल्यात 'व्होल्ट' तीनदा आलं. खोडलं. दुसऱ्यात ट्रान्सफॉर्मरला दोष गेला. खोडलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर. रीडिंग घेतलं नाही.

दहा वाजता गेलो. दाढी करून, चर्चसाठीचा शर्ट घालून, हातात एकतीस नंबर. सलॉनमध्ये अकरा बायका, चार ड्रायर चालू, दोन टोप्या चालू, कॉफी फिरतेय, आणि सगळ्या एकदम बोलतायत. एर्सिलिया शेवटच्या खुर्चीत. तिचे केस खांद्यापर्यंत कापले होते. उजव्या बाजूला जे उरलं होतं त्याच्या मापानं डावी बाजू. ओले होते. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

मी म्हटलं, "मला जरा..."

कुणाला ऐकू गेलं नाही. नूरिसनं हातातला ड्रायर बंद केला. "बंद करा गं सगळे. मिस्त्रींना काहीतरी सांगायचंय."

एकेक करत सगळे बंद झाले. शनिवारी सकाळी त्या सलॉनमध्ये शांतता मी पहिल्यांदा ऐकली. बाहेरून जाणाऱ्या मोटरसायकलवरच्या माणसानंसुद्धा वळून पाहिलं.

"दोष हाताचा नव्हता," मी म्हटलं. "ड्रायरचा होता. तार मी आखूड केली होती, आणि वीज वाढल्यावर ती बघायची मला अक्कल झाली नाही."

टोपीखालून आवाज आला: "मला ऐकू आलं नाही." दिग्नाबाई. टोपी केव्हाच बंद होती. त्यांनी ती वर उचलली, केस आता कानाएवढे, आणि शाळेत पोराकडं बघतात तसं बघितलं. "मागच्या बाकापर्यंत यायला हवं."

पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. दिग्नाबाईंचं नाव घेऊन, नूरिसचं नाव घेऊन. शेवटी एर्सिलियाचं घेतलं. ते नाव तेवढं हळू आलं.

एक बाई नाक ओढत होती, सर्दीनं असेल.

"झाला का हा बरा?" नूरिसनं एकतीस नंबर माझ्या हातून घेतला.

"झाला. भिंतीतल्या विजेवर तपासलाय."

"कुणाच्या डोक्यावर?"

"डोक्यावर नाही. केळीच्या पानावर."

सगळं सलॉन हसलं. चार आठवड्यांचा राग एकदम डोक्यात गेला, वळणार होतो. नूरिसनं मधली खुर्ची पायानं फिरवली. "बसा."

"मला केस आहेत कुठं?"

"आहेत तेवढे पुरतील. आमच्या डोक्यावर तपासायचे दिवस गेले आता. बसा."

बसलो. तिनं फवाऱ्यानं डोकं भिजवलं, शर्टाची कॉलर टॉवेलनं झाकली, ३२ मिलिमीटरचा ब्रश घेतला आणि एकतीस नंबर सुरू केला. अकरा बायका बघत होत्या. आरशात एर्सिलिया दिसत होती. खालचा ओठ दातांत धरून ती हसू दाबत होती, आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकाच वेळी.

"भाजतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही भाजत."

"मग मान खाली करा, कोंपाद्रे. मागचे राहिलेत."

मान खाली केली. तिनं नळी मी सांगितली असती त्यापेक्षा अर्धं बोट जवळ धरली होती. मी काही बोललो नाही. बाकीचे ड्रायर एकेक करत सुरू झाले, बायका पुन्हा एकदम बोलायला लागल्या, आणि माझ्याबद्दलच बोलत होत्या, पण आवाजात काही ऐकू येईना.

उठलो तेव्हा नूरिस एर्सिलियाच्या खुर्चीमागे गेली होती. तिचे केस विंचरत माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाच वाजता चर्चमध्ये. तिला मी आणते. आणि घरी जाऊन लगेच फ्रीज उघडू नका. डोकं गरम आहे तुमचं."

आता साडेअकरा. घरात कुणी नाही. अंगणात यानिरिसचा नवरा बकऱ्याखाली जाळ घालतोय. पोशाख खुंटीवरून गेलाय, चादर तिथंच आहे. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरतोय, पूर्ण विजेवर.

तहान लागली आहे. डोकं गार होईपर्यंत थांबतो.